पूर्वज शोधताना गाव धरून चला: गावदप्तर आणि चर्चच्या नोंदवह्या वाचण्याची रीत

"आमचं आडनाव अमुक. आमचा मूळपुरुष कोण?" असा प्रश्न घेऊन कोणी आले की मी उलट विचारतो, गाव कोणते? बहुतेकांना तालुका सांगता येतो, गाव नाही. मग तेच लोक तहसीलच्या अभिलेख कक्षात दोन दिवस घालवतात, रिकाम्या हाताने परततात आणि दप्तराला वाळवी लागली, कागद दाखवत नाहीत, असे सांगत फिरतात. कधी कधी ते खरेही असते. पण बहुतेक वेळा चुकलेला असतो तो शोधाचा क्रम.

जुन्या गावदप्तरात आडनाव बहुधा नसतेच. 'गणू बिन बाळू', म्हणजे बाळूचा मुलगा गणू, एवढ्यावर काम भागलेले असते. चर्चच्या पुस्तकात उलटी अडचण. तिथे आडनाव असते, पण पानावरच्या निम्म्या लोकांचे तेच. माणूस ओळखायचा तो गाव, बाप, शेताचा नंबर आणि शेजारपाजार यांवरून. पुढची सगळी रीत यावरच उभी आहे.

## टप्पा १: कचेरीत जाण्याआधी घरची झडती

एक जाड वही घ्या. एका माणसाला एक पान. पानावर तीन रकाने पाडा: काय कळले, कोणाकडून किंवा कशातून कळले, कोणत्या दिवशी. मधला रकाना आळसाने रिकामा ठेवलात, तर सहा महिन्यांनी 'पणजोबा १९१८ ला गेले' हे कागदावर पाहिले होते की मामा बोलले होते, ते तुम्हालाच आठवणार नाही.

विचारपूस आत्या आणि आजीपासून सुरू करा. काकांना भाऊबंदकीचे दावे आठवतात. कोण कुठे दिली, कोणाची पहिली बायको बाळंतपणात गेली, कोणाला कोणाकडून दत्तक घेतले, हे आत्याला ठाऊक असते. 'पणजोबांचे नाव काय' असे थेट विचारू नका, उत्तर एका शब्दात संपते. शेतांची नावे विचारा (माळवाट, चिंचेचे, देऊळपट्टी), वाडी किंवा आळी विचारा, कुलदैवत विचारा, दुष्काळात किंवा साथीत घर कुठे हलले होते ते विचारा. माणसाचे नाव शेताच्या गोष्टीतून आपोआप निघते.

घरात श्राद्ध होत असेल तर तीन पिढ्या तुमच्या हातात आयत्याच आहेत. पिता, पितामह, प्रपितामह यांची नावे दरवर्षी उच्चारली जातात, त्यांच्या पत्नींचीही. गुरुजींच्या किंवा वडिलांच्या टिपणात ती लिहिलेली असतात. श्राद्धाची तिथीही टिपून ठेवा. वर्षश्राद्धाला मास, पक्ष, तिथी तिन्ही असतात. पितृपक्षातल्या श्राद्धावरून फक्त तिथी मिळते, महिना नाही. पुढे मृत्यूची सरकारी नोंद सापडली की जुन्या पंचांगावरून ती तिथी जुळते का ते पाहता येते. या पडताळणीसारखी दुसरी पडताळणी नाही.

मग वस्तू. ट्रंकेतली खरेदीखते, जन्मपत्रिका, शाळेचे दाखले, लग्नपत्रिका. आणि माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी. घंगाळावर, परातीवर कोरलेले नाव आणि साल लोक घासून घासून पुसट करतात आणि वाचत मात्र कधीच नाहीत. ख्रिस्ती घरात प्रार्थनापुस्तकाचे पहिले कोरे पान, मृत्यूनंतर छापलेली स्मरणकार्डे, कबरीवरचा दगड आणि अंगणातल्या क्रुसाच्या चौथऱ्यावरचे साल पाहा.

पुढे जाण्याआधी तपासा: गाव आणि वाडीचे नाव पक्के आहे का? १९५० च्या आधी वारलेल्या एका तरी माणसाचे नाव त्याच्या बापाच्या नावासह आहे का? निदान दोन शेतांची नावे किंवा घराची खूण आहे का? तिन्हींना 'हो' म्हणता येत नसेल तर कचेरीत जाऊ नका, अजून एका आत्याकडे जा.

## टप्पा २: त्या गावावर तेव्हा कोणाचा अंमल होता?

गावाचे दप्तर कुठल्या कपाटात आहे हे आजच्या नकाशावरून ठरत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला. सिंधुदुर्ग आणि जालना १ मे १९८१ चे, लातूर आणि गडचिरोली १९८२ चे, वाशीम आणि नंदुरबार १९९८ चे, हिंगोली आणि गोंदिया १९९९ चे. त्याआधीचे कागद जुन्या जिल्ह्याच्या नावाने बांधलेले असू शकतात. म्हणून वहीत गावाखाली आजचा तालुका-जिल्हा आणि जुना तालुका-जिल्हा असे दोन्ही लिहा.

त्याहून महत्त्वाचा फरक राजवटीचा. पश्चिम महाराष्ट्र, खानदेश आणि कोकणाचा बराच भाग मुंबई इलाख्यात होता. तिथे जमिनीच्या हक्कांची नोंद १९०३ च्या कायद्यानंतर सुरू झाली, म्हणून फेरफाराची साखळी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत मागे जाऊ शकते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता. तिथल्या कागदांत उर्दू आणि फसली सन भेटतो, आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनींची गाववार नोंद, हा मोठा आधार. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडची पद्धत होती, तिथे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख मागा. कोल्हापूर, सावंतवाडी, सांगली, भोर, औंध ही संस्थाने होती, त्यांची दप्तरे वेगळी बांधलेली. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज.

इशारा: एकाच नावाची गावे एका जिल्ह्यात तीन-तीन असतात. खुर्द की बुद्रुक, कसबे की मौजे, हे ठरवल्याशिवाय अर्ज लिहू नका. मी एकदा बुद्रुकच्या वहीत दीड दिवस घालवला आणि शेवटी लक्षात आले की घर खुर्दचे शोधतो आहे. आज हसू येते, तेव्हा आले नव्हते.

## टप्पा ३: सातबारा उलटा वाचत मागे जा

आजच्या सातबाऱ्यापासून सुरुवात करा. जमीन आता तुमच्याकडे नसली तरी हरकत नाही, ज्या भावकीकडे आहे त्यांचा चालेल.

सातबाऱ्यावर नावांजवळ वर्तुळात आकडे असतात. ते फेरफाराचे क्रमांक. एकेक क्रमांक वहीत उतरवून त्या फेरफारांच्या, म्हणजे गाव नमुना ६ च्या, नकला मागा. त्यांतले वारसनोंदीचे फेरफार तुमच्या कामाचे. त्यांत मयताचे नाव, मृत्यूची तारीख किंवा महिना, वारसांची नावे, नाते आणि पुष्कळदा वय असते. त्या फेरफारात आधीच्या नोंदीचा उल्लेख मिळतो, तो धरून आणखी मागे. गाव नमुना ६-क ही वारसप्रकरणांची वेगळी नोंदवही आहे, तीही मागा. जुने सातबारे आणि फेरफार बऱ्याच जिल्ह्यांत स्कॅन होऊन सरकारी ई-अभिलेख संकेतस्थळावर आले आहेत. आधी तिथे पाहा, मग प्रवास करा.

साखळी बहुधा एकाच ठिकाणी तुटते. आज गट नंबर असतो आणि जुन्या कागदात सर्व्हे नंबर. १९४७ च्या कायद्याखाली जमिनींचे एकत्रीकरण झाले आणि सर्व्हे नंबरांचे गट झाले. तुमचा गट कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरांतून बनला हे एकत्रीकरणाच्या उताऱ्यावर दिसते. कचेरीत '९(३), ९(४) चा उतारा' म्हणा, समजतात. हा एक कागद न घेतल्याने लोक 'आमचे रेकॉर्ड १९७० च्या मागे नाहीच' असे समजून थांबतात.

वाचताना या खुणा चुकतात:

'अ.पा.क.' हे नाव नाही. अज्ञान पालनकर्ता, म्हणजे वारस लहान होता आणि पुढचे नाव त्याच्या पालकाचे. पालनकर्ती बहुधा आई असते, आणि आईचे नाव मिळण्याची ही फार चांगली जागा आहे. 'ए.कु.मॅ.' किंवा 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. एकट्या थोरल्या भावाचे नाव लागलेले असते, याचा अर्थ बाकीचे भाऊ नव्हते असा नाही. 'बिन' किंवा 'वल्द' म्हणजे मुलगा. 'कोम' किंवा 'भ्रतार' असेल तर पुढचे नाव नवऱ्याचे. 'राधा कोम गणू' वाचून एका गृहस्थांनी गणूला राधेचा बाप केला होता, आणि त्यावरून चार पिढ्यांचा वृक्ष फ्रेम करून भिंतीवर लावला होता.

मुली या नोंदींत क्वचित दिसतात, १९५६ च्या वारसा कायद्याआधी तर फारच क्वचित. त्यांचा शोध हक्कसोड पत्रांत घ्या. बहिणींनी भावाच्या नावे हक्क सोडला की त्या कागदात तिचे सासरचे पूर्ण नाव आणि गाव येते. हरवलेल्या आत्याचा माग मी तरी याच वाटेने सगळ्यात जास्त वेळा लागलेला पाहिला आहे.

तपासा: प्रत्येक पिढीच्या बदलाला एक फेरफार क्रमांक जोडलेला आहे का? मध्ये खरेदीखत आले असेल तर तिथे वंश बदललेला असू शकतो. नवीन नाव वारसाचे की खरेदीदाराचे, हे वाचल्याशिवाय पान उलटू नका.

## टप्पा ४: कोतवाल बुक

गाव नमुना नंबर १४, बोलण्यात कोतवाल बुक, ही गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतर हे काम ग्रामपंचायत आणि नगरपालिकांकडे आहे. त्याआधीच्या वह्या बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात यातल्या पुष्कळ वह्या उघडल्या गेल्या, आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर सापडलेल्या नोंदींची स्कॅन पाने आहेत. तिथे फक्त त्या कामापुरती पाने असतात, गावाची पूर्ण वही नव्हे. तिथे नाव नसले म्हणून वहीत नाही असे धरू नका.

अर्ज साधा असतो. गाव, नोंदवहीचा प्रकार आणि वर्षांचा पट्टा लिहा, कोर्ट फी तिकीट लावा, ओळखपत्राची प्रत जोडा. एकच वर्ष लिहिण्याची चूक करू नका. घरात सांगितलेले वय चार-पाच वर्षे इकडेतिकडे असतेच, म्हणून 'सन १९१० ते १९१६' असे मागा. आधी पाहणीची परवानगी घ्या, पान सापडल्यावर प्रमाणित नक्कल मागा. नक्कल मिळाली की तिथेच उभे राहून मूळ पानाशी ताडून पाहा.

आता वाचताना काय होते ते. तुम्ही पणजोबांचे नाव शोधता आणि ते सापडत नाही, कारण जन्माच्या नोंदीत मुलाचे नावच नसते. नोंद दोन-चार दिवसांत झाली आणि बारसे बाराव्या दिवशी. तिथे बापाचे नाव, 'मुलगा' किंवा 'मुलगी', आणि जात एवढेच असते. म्हणून जन्माच्या वहीत बापाचे नाव शोधायचे. त्या बापाची सगळी मुले ओळीने उतरवून घ्यायची आणि त्यांत आपला कितवा ते ठरवायचे.

दुसरी गोष्ट अजून चुकते. पहिले बाळंतपण माहेरी. थोरल्या मुलाची नोंद बापाच्या गावात नाही म्हणून लोक हात टेकतात आणि ती आजोळच्या वहीत पडलेली असते. थोरले अपत्य शोधत असाल तर आईचे गाव आधी.

मृत्यूच्या वहीत वय अंदाजाचे असते. साठ, सत्तर, ऐंशी असे गोल आकडे आले की फार विश्वास ठेवू नका. कारणाचा रकाना मात्र वाचा: पटकी (कॉलरा), देवी, ताप, गाठीचा ताप (प्लेग). प्लेग मुंबईत १८९६ मध्ये आला आणि पुढची कित्येक वर्षे गावोगाव फिरला. लोक गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहत. १९१८ ला इन्फ्लुएंझाची, म्हणजे मानमोडीची साथ. घरातला कोणी 'कधी गेला कोणास ठाऊक' असेल तर ही वर्षे आधी चाळा. त्या काळातली नोंद शेजारच्या गावच्या वहीत गेल्याचेही दिसते.

सोबत गावच्या जुन्या शाळेतला प्रवेश-निर्गम उतारा घ्या. त्यात बापाचे नाव, जात, जन्मगाव येते. जन्मतारीख मात्र १ जून दिसली की समजा ती गुरुजींनी दिलेली आहे, आईने नव्हे.

इशारा: जातीच्या दाखल्यासाठी शोध घेणारे हवा तो शब्द दिसला की तिथेच थांबतात. पडताळणीत पहिला प्रश्न त्या माणसाचे तुमच्याशी नाते काय, हा असतो. ओबीसी दाखल्याला लागणारी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची सुंदर नोंद हातात आणि मधल्या दोन पिढ्यांचा कागद नाही, अशी माणसे मी बरीच पाहिली आहेत. नोंदीवर पेनाने खूण करणे, अक्षर 'स्पष्ट' करणे हा तर गुन्हाच आहे.

## टप्पा ५: मोडी आणि सनांचे गणित

१९५० च्या मागे गेलात की मोडी गाठ पडणार. स्वतः शिकायची असेल तर शिका, पुराभिलेख संचालनालय तिचे प्रशिक्षण घेते. वाचक लावणार असाल तर एक पथ्य पाळा: कोणते नाव शोधताय ते त्याला सांगू नका. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि घाईच्या हातातली अक्षरे एकमेकांसारखी दिसतात. 'इथे बाळू आहे का पाहा' म्हटले की प्रामाणिक माणसालाही बाळू दिसू लागतो. पान द्या आणि अक्षरशः लिप्यंतर मागा, शंकेच्या अक्षराखाली रेघ मारायला सांगा. अर्थ नंतर विचारा.

सन बदलताना हे लक्षात ठेवा. शकात ७८ मिळवा. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या नोंदीला ७९. म्हणजे शके १८१८ चा श्रावण १८९६ चा, पण फाल्गुन १८९७ चा. पेशवाईच्या कागदांतल्या सुहूर सनात ५९९, आणि जानेवारीनंतरच्या भागाला ६००. निजामी फसली सनात ५९०, जानेवारीनंतर ५९१: १३४४ फसली म्हणजे १९३४-३५. काशी-गयेच्या वह्यांत विक्रम संवत दिसला तर ५७ वजा करा, वर्षअखेरच्या महिन्यांना ५६.

मूळ सन खोडून इसवी सन लिहू नका. दोन्ही शेजारी ठेवा, चूक सापडली तर दुरुस्त करता येते.

## टप्पा ६: चर्चची पुस्तके

इथे घाई करणाऱ्याचे सगळ्यात जास्त नुकसान होते, कारण ही पुस्तके नीट वाचली तर गावदप्तरापेक्षा कितीतरी जास्त बोलतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई असते, धर्मपिता-धर्ममाता असतात, पोर्तुगीज पद्धतीच्या नोंदीत कधी आजोबा-आजीही.

आधी चर्च ठरवा. वसईच्या पट्ट्यात आज जिथे चर्च आहे तिथे शंभर वर्षांपूर्वी वेगळा धर्मग्राम (पॅरिश) असेलच असे नाही. तुमच्या चर्चची स्थापना कधी झाली ते विचारा. त्याआधीच्या नोंदी ज्या मातृचर्चमधून ते वेगळे झाले तिथे. मुंबई, वांद्रे आणि साष्टीच्या काही गावांत तर दोन अधिकार शेजारी नांदत होते: पोर्तुगालच्या राजाश्रयाचा पाद्रोआदो आणि थेट रोमचा प्रोपगंडा. हे दुहेरीपण १९२८ ला संपले. तोवर एकाच घरातल्या दोन भावांची लग्ने दोन वेगळ्या पुस्तकांत असू शकतात, म्हणून दोन्ही पाहा. वसईची धर्मसत्ता आधी गोव्याकडे, मग १८८६ पासून दमणकडे, १९२८ पासून मुंबईकडे, आणि १९९८ पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांत. पुस्तके बहुधा चर्चमध्येच राहतात, पत्रव्यवहार मात्र त्या त्या धर्मप्रांताच्या कार्यालयात जातो. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली, त्याआधीच्या नोंदींची आशा धरून निघू नका.

मग फादरना पत्र लिहा. रविवारी सकाळी, पवित्र आठवड्यात किंवा सणाच्या नोव्हेनांत जाऊन उभे राहू नका. पत्रात नाव, आईवडिलांची नावे, वर्षांचा पट्टा आणि कशासाठी हवे ते एका पानात. पुस्तक हातात मिळेलच असे नाही, तो त्यांचा अधिकार आहे. दाखला मागताना 'समासातील नोंदींसह' हे शब्द घाला. १९०८ पासून लग्न झाले की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या समासात करण्याचा नियम आहे. कोणत्या चर्चमध्ये, कोणत्या दिवशी, कोणाशी, हे त्या बारीक अक्षरांत असते. छापील फॉर्मवरचा दाखला भरताना नेमके तेच गळून पडते.

वाचण्याचा क्रम असा ठेवा. ज्याची खात्री आहे त्याचा बाप्तिस्मा. त्यावरून आईवडिलांची नावे. मग त्या दोघांचे लग्न, थोरल्या अपत्याच्या जन्मापासून मागे वर्षवर्ष. लग्न बहुधा वधूच्या चर्चमध्ये लागते, म्हणून वराच्या पुस्तकात न सापडल्यास आजोळच्या चर्चला लिहा. लग्नाच्या नोंदीत दोघांचे आईबाप आणि मूळ गाव. तिथून दोघांचे बाप्तिस्मे, आणि पुन्हा तेच चक्र. मृत्यूचे पुस्तक शेवटी, पण टाळू मात्र नका; कारण त्याशिवाय पुढचा सापळा कळत नाही.

तो सापळा असा: एकाच आईबापांच्या पोटी 'पेद्रू' दोनदा. पहिला तान्हेपणी गेला आणि पुढच्या मुलाला तेच नाव दिले. लोक पहिली नोंद उचलतात, आणि वय तीन-चार वर्षांनी चुकते, किंवा मेलेल्या बाळाचे लग्न लागते. बाप्तिस्मा मिळाला की त्या नावाचा बालमृत्यू पुढच्या पाच वर्षांत नाही ना, ते पाहा.

आडनावावर भिस्त ठेवू नका हे इथे पुन्हा सांगतो. डिसोझा, सोझा, सौझा ही एकाच लेखणीची तीन रूपे असू शकतात. जुन्या पुस्तकांची सूची बहुधा पहिल्या नावाच्या अक्षराने लावलेली असते, आडनावाच्या नाही. घरातले हाकेचे नाव आणि पुस्तकातले नाव वेगळे: बस्त्यांव तिथे सेबास्तियांव, इनास म्हणजे इग्नासियो, जुजे म्हणजे जोझे, जाकी म्हणजे जोआकी. एकाच गावात त्याच नावाचे दोन माणूस आले तर त्यांना वेगळे करणारी गोष्ट म्हणजे धर्मपिता-धर्ममाता. ती बहुधा नात्यातली असतात. त्यांची नावे उतरवून न घेणे म्हणजे अर्धी नोंद टाकून देणे.

पोर्तुगीज येत नसली तरी दहा-बारा शब्दांत काम भागते. 'फिल्यु' मुलगा, 'फिल्या' मुलगी, 'नेतु' नातू, 'पाद्रिन्यु' धर्मपिता, 'माद्रिन्या' धर्ममाता, 'सोल्तेयरु' अविवाहित, 'व्हियुव्हा' विधवा, 'फालेसेउ' वारला. यातला फसवा शब्द 'नातुराल'. 'नातुराल दे' आणि पुढे गावाचे नाव आले तर तो त्या गावचा, एवढेच. 'फिल्यु नातुराल' असेल तर मात्र आईबापांचे लग्न झालेले नव्हते. या दोहोंची गल्लत करून घरात रडारड झालेली आहे.

आणि महिना. '७ब्रो' म्हणजे जुलै नव्हे, सप्टेंबर. पोर्तुगीज आणि लॅटिनमध्ये त्या महिन्याच्या नावात सात आहे, म्हणून लेखनिक आकडा टाकून मोकळा होतो. तसेच '८ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, '९ब्रो' म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहा म्हणजे डिसेंबर.

गोव्यात शोध असेल तर पुस्तके काही चर्चकडे, काही पणजीच्या पुराभिलेखागारात; नंतरच्या नागरी नोंदी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे. तिथे ख्रिस्ती आणि हिंदू दोघांनाही उपयोगी पडतात ती कोमुनिदादची, म्हणजे गावकारीची पुस्तके, ज्यांत गावकार वांगडांनुसार, म्हणजे मूळ घराण्यांच्या गटांनुसार, लावलेले असतात. मूळ गोव्याच्या, पण आज महाराष्ट्रात असलेल्या हिंदू घराण्यांनी आपल्या देवस्थानाच्या महाजनांची, म्हणजे देवळावर हक्क असलेल्या घराण्यांची, यादी विचारावी. ती अनेकांच्या ध्यानातच येत नाही.

प्रोटेस्टंट मंडळ्यांची पद्धत निराळी. नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ ला सुरू झाले. त्या परंपरेतल्या मंडळ्यांच्या पुस्तकांत बाप्तिस्म्याइतकीच सभासदांची यादी महत्त्वाची. 'पत्राने आले', 'पत्राने गेले' असे शेरे दिसले की कोणत्या मंडळीकडून, ते टिपा. तुमचा पुढचा प्रवास तिथे. १९७० ला नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, आणि वेगवेगळ्या मिशनांची चर्चे एका छत्राखाली आली. म्हणून आजच्या पाटीवरचे नाव आणि जुन्या पुस्तकावरचे नाव जुळणार नाही. धर्मांतराच्या पिढीचा दुवा चर्चच्या पुस्तकात अडला तर तोच माणूस कोतवाल बुकात आणि फेरफारात जुन्या नावाने शोधा. शेत तर तेच असते.

तपासा: प्रत्येक लग्नाच्या नोंदीसमोर दोघांचे बाप्तिस्मे लिहिले आहेत का? बाप्तिस्म्याची तारीख आणि जन्माची तारीख वेगळ्या उतरवल्या आहेत का?

## टप्पा ७: तीर्थोपाध्यायांच्या वह्या

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया. लोक शोधाची सुरुवातच इथून करतात आणि मग उपाध्याय 'गाव सांगा' म्हणतात तेव्हा गप्प होतात. या वह्या गाव, जात आणि घराण्यावरून लावलेल्या असतात. तिन्ही ठाऊक झाल्यावरच जा, आणि पहिल्या दिवशी फक्त आपले क्षेत्रोपाध्याय कोण ते शोधा.

लेख मिळाला की एक प्रश्न विचारा: हे पान तेव्हाचे, की जीर्ण वहीवरून नंतर उतरवलेले? उतरवताना ओळ सुटते. मूळ सहीचे पान असेल तर ते सोन्यासारखे. आणि जो यात्रेला गेला त्याचीच नोंद झाली, न गेलेला भाऊ त्यात नसणार.

## टप्पा ८: दुवे जोडणे

दोन पिढ्यांमधला प्रत्येक दुवा दोन वेगळ्या कागदांनी बांधा. फेरफार आणि मृत्यूची नोंद, किंवा बाप्तिस्मा आणि लग्न. एकच कागद असेल तर नाव पेन्सिलीने लिहा. घरात ऐकलेले असेल तर कंसात. शाईने तेच, ज्याला दोन कागद आहेत.

मग वयांची बेरीज करा. आई बाराव्या वर्षी आणि मुलगा आजोबांपेक्षा थोरला, असे काही दिसले तर मध्ये एक पिढी गळली आहे किंवा दोन माणसे एक झाली आहेत. आजोबा-नातवाचे नाव एकच असण्याची चाल असलेल्या घरात हे हमखास होते. दत्तक असेल तर दोन बाप लिहा, जन्मदाता आणि दत्तक घेणारा. कागदात दत्तकानंतर दुसऱ्याचेच नाव चालते.

वहीची शेवटची दहा पाने न सापडलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवा. कोणत्या कचेरीत किंवा चर्चमध्ये, कोणत्या दिवशी, कोणत्या वर्षांची पाने चाळली आणि काय मिळाले नाही, ते. '१८९५ ते १९०० मृत्यू, पाहिले, १८९८ ची वही फाटलेली' अशी एक ओळ पुरते. नाहीतर दोन वर्षांनी तुमचा चुलतभाऊ तीच वही तितक्याच उत्साहाने पुन्हा चाळत बसतो.